तबला-डग्गा दुरुस्ती, पंचवटी : काम एक नंबर, वेळेचं मात्र विचारू नका

५ पैकी ४ स्टार.

तबल्याची पुडी (वरचं चामडं) बदलायचीय, डग्ग्याची शाई (पुडीवरचा काळा गोल) सुटलीय, पेटीचा भाता गळतोय असं काही असेल आणि तुम्ही नाशिकमध्ये असाल तर सरळ इथे जा, एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं जरा लांबलंय कारण तबला माझा नव्हता, मित्राचा होता, आणि मित्र गेल्या पावसाळ्यात गेला.

आधी दुकानाचं. पंचवटी कारंजाकडून आत वळलात की गल्लीत आहे, बोर्ड आहे पण बाहेर टांगलेल्या ढोलांमुळे तो दिसत नाही, ढोलवाले काका कुठे बसतात विचारा, कुणीही सांगेल. चारचाकी आणूच नका. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा नेम नाही, रिक्षा करा नाहीतर टू व्हीलर लांब लावून चालत या. दुकान म्हणजे काय तर एक खोली, खाली गोणपाट, त्यावर काका, आणि काकांच्या चारी बाजूंनी ढोल, ताशे, उघडी खोडं (तबल्याची लाकडी अंगं), चामड्याच्या वाद्या म्हणजे पट्ट्यांची भेंडोळी, भिंतीला खिळ्यावर पुड्या. बसायला एक प्लास्टिकचं स्टूल आहे, त्याचा एक पाय वाकडा आहे, जपून.

आता तबल्याचं. मित्राला आम्ही शाळेपासून मास्तर म्हणायचो, कारण आठवीत असतानाच तो सगळ्यांच्या चुका काढायचा, गाण्याच्या बाईंच्यासुद्धा. प्रार्थनेला मी पेटीवर आणि तो तबल्यावर, तिथून जे सुरू झालं ते गॅदरिंग, गणपतीची मंडळं, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, कॉलेज, नंतर नोकऱ्या लागल्यावर मंगळवारची आमची बैठक असं चालूच राहिलं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आम्ही जोडीनं दिल्या, प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत, म्हणजे त्याच्या परीक्षेला लेहरा धरायला मी आणि माझ्या परीक्षेला ठेका धरायला तो. लेहरा धरणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, एकच ओळ पंधरा-वीस मिनिटं घोळवत बसायची, लय हलू द्यायची नाही, आणि हा गडी समोर कायदे, रेले असे बोलांचे विस्तार करत मजा मारणार. वर तिहाई घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की माझ्याकडे असं बघायचा की जसं काही समेवर मीच उशिरा आलोय.

डोकं मात्र भयंकर होतं. फिजिक्सवाला माणूस, इंडस्ट्रियल एरियात नोकरी, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये माइक हातात आला की लोकांना शाईचं विज्ञान सांगायचा. साधा ढोल घ्या, त्याच्या कातड्यातून जे उपस्वर निघतात ते एकमेकांच्या पटीत बसत नाहीत म्हणून त्याला ठाम सूर नसतो, तबल्याला आणि मृदंगाला शाई लावून मधला भाग जड केला की ते पटीत बसतात आणि सूर ऐकू येतो, आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलंय, नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. पब्लिक कंटाळायचं, याला काही फरक पडायचा नाही. माझ्या पेटीवर तर त्याचा कायमचा राग. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती ती उगाच नाही, असं तो नव्या माणसासमोर आवर्जून सांगणार, आणि मग त्याच पेटीवर सूर घेऊन तबला लावायला बसणार. मी म्हणायचो घे मग तानपुऱ्यावर, आहे का तुझ्याकडे तानपुरा?

गेला तो हार्ट अटॅकनं. काही करायला वेळच मिळाला नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

वहिनींनी तबला-डग्गा कव्हरमध्ये घालून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून माळ्यावर ठेवला होता. कुणीही असंच केलं असतं, धूळ बसू नये म्हणून. पण पावसाळ्यात चामडं प्लास्टिकमध्ये कोंडलं की संपलं, दमट हवा आतच राहते. यंदा त्यांच्या पोरीनं, ती आता सहावीत आहे, मला शिकायचंय म्हणून हट्ट धरला तेव्हा पिशवी सोडली तर पुडीवर बुरशी, तबल्याच्या शाईचा टवका उडालेला, डग्ग्याची शाई कडेनं सुटून खरखर करतेय. वहिनींचा फोन आला, भावजी हे बघता का, म्हटलं बघतो.

सगळ्यात आधी मी दुसऱ्या एका दुकानात नेला होता, चकाचक, एसी, गिटारी लावलेल्या. नाव घेत नाही. तिथल्या पोरानं कव्हरची चेन अर्धीच उघडली, आत डोकावला आणि म्हणाला सर याला खर्च करण्यापेक्षा नवीन सेट घ्या, आमच्याकडे ऑफर आहे. खोडाला हातसुद्धा लावला नाही. त्याचं काम विकायचं आहे, राग नाही, पण मग दारावर 'रिपेअरिंग' कशाला लिहायचं भाऊ.

मग आमच्या बैठकीतल्या एकानं ह्या काकांचं सांगितलं. काकांनी काय केलं तर आधी तबला उलटा केला. खालून खोड बघितलं, बोटाच्या गाठीनं वाजवलं, वजन घेतलं, टॉर्च मारून कीड लागलीय का, चीर गेलीय का बघितलं. शिसम आहे, म्हणाले, जुनं आहे, असं आता मिळत नाही, हे ठेवा. मग सुलटा करून पुडीकडे बघितलं आणि विचारलं, हे वाजवणारे तबला फिरवत नव्हते का? मी म्हटलं म्हणजे? तर त्यांनी दाखवलं, चाट, म्हणजे पुडीची कडेची पट्टी, एकाच जागी खाल्लेली, बोटभर पट्टा गुळगुळीत काळपट झालेला आणि बाकीची चाट त्यामानानं कोरी. साधारण माणूस एक घर, म्हणजे कडेचा एक भाग, सुरातून उतरलं की तबला जरा फिरवून घेतो, ह्यांनी एकाच ठिकाणी 'ना' हा बोल वाजवलाय वर्षानुवर्षं. आणि गजऱ्याच्या, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या, वेणीत पांढरी रेघ बसलेली, ती टाल्कम पावडर. इतकी पावडर कोण लावतं, काका म्हणाले. मास्तर लावायचा. हाताला घाम यायचा त्याला, कार्यक्रमाला बसला की पेटीवरसुद्धा पावडर उडायची आणि माझ्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या व्हायच्या.

त्या गुळगुळीत जागेच्या बरोबर खाली एका गट्ट्यावर, म्हणजे वादीखालच्या लाकडी ठोकळ्यावर, लाल ठिपका आहे. वहिनींच्या नेलपॉलिशचा. ती जागा त्याची, तिथे सूर सगळ्यात खरा लागतो म्हणायचा, अंधाऱ्या स्टेजवर पण सापडावी म्हणून ठिपका. मी काकांना म्हटलं हा गट्टा तसाच ठेवा, त्याच जागी ठेवा, आणि जमलं तर पुडी पण हीच वाचवा, शाई तेवढी नवीन लावून द्या. इथे मला हा माणूस आवडला. हो हो करून देतो म्हणून पैसे घेता आले असते. त्यांनी सरळ सांगितलं, शाई परत चढवून देणारे आहेत, पण ह्या पुडीचं चामडंच बुरशीनं मेलंय, वर शाई घातली तरी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, येणार नाही. पुडी म्हणजे गाडीचं टायर, ते झिजायलाच असतं, गाडी म्हणजे खोड. आणि ठिपक्याचं म्हणाल तर गट्टा ठेवतो, पण नवीन पुडीला तो ठिपका खोटा पडेल. हिची जागा कुठे निघेल ते वाजवल्यावर कळणार, आणि ती वाजवणाऱ्यानं शोधायची.

मला त्या क्षणी ते जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण बरोबर होतं. तबला पोरीला वाजवायला पाहिजे होता, शोकेसमध्ये ठेवायला नाही, आणि हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं.

सुराचं पण तसंच. आमच्या बैठकीत आता एक मुलगी गाते, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा सा. मास्तरचा तबला साडेपाच इंची, काळी एकचा. म्हटलं काका, पुडी बदलताच आहात तर जरा वर ओढून द्या, निदान पांढरी तीनपर्यंत, म्हणजे बैठकीतही उपयोगी पडेल. नाही म्हणाले. खोडाचं तोंडच काळी एकचं आहे, अर्धा-एक सूर इकडे तिकडे ठीक, त्याच्या वर ओढला तर आवाज चोंदतो आणि पुडी लवकर फाटते. आणि ओढायचाय कशाला, काळी चारवाल्यांना हाच मध्यमात, म्हणजे त्यांच्या म-वर लावून, चालतो की. हे मी विसरलो नव्हतो खरं तर, काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, मास्तर बायकांच्या गाण्याला नेहमी हेच करायचा, टीपेचा, म्हणजे उंच सुराचा, तबला त्याला आवडायचा नाही, टिंग टिंग वाजतो म्हणायचा. फक्त ते करणारा माणूस समोर नसल्यामुळे मी वेगळा हिशोब करायला लागलो होतो. मध्यम नसलेला राग आला, भूप वगैरे, की वेगळा तबला लागेलच, तो भाग निराळा. पण मुद्दा असा की कोपऱ्यात विकायला ठेवलेले दोन टीपेचे तबले होते, काकांनी त्यांच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही.

काम करताना बघायला मिळालं ते पण सांगतो. पुड्या तयारच येतात बाहेरून, त्यातल्या तीन-चार काढून त्यांनी शाईवर टिचकी मारून बघितलं, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाले उजेडात धरा. शाई वरून गुळगुळीत काळी दिसते पण तिरक्या उजेडात बघितलं तर सगळीकडे बारीक बारीक तडे, ते मुद्दाम आणलेले असतात. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा लेप थरावर थर लावायचा आणि प्रत्येक थर दगडानं घासायचा, त्यानं तडे पडतात, शाई लवचिक राहते आणि कातड्याबरोबर थरथरते. अखंड घट्ट गोळा बसला तर तबला मुका. रामनची गोष्ट हजारदा ऐकूनही हे तड्यांचं मला माहीत नव्हतं, मास्तरला माहीत असणार, नाहीतर माहीत नाही हे तो कबूल करणाऱ्यातला नव्हता.

पुडी पाण्यात भिजवून खोडावर बसवली, म्हशीच्या कातड्याची वादी सोळा घरांतून खालच्या कड्यात ओवून पायानं दाबून धरत ओढली, मग आठ गट्टे. ओढताना काकांच्या तळहाताला चामड्याची पट्टी बांधलेली असते, तरी बोटं बघा एकदा त्यांची. ओली पुडी वाळेपर्यंत थांबावं लागतं, वाळली की परत ओढ, मग हातोडीनं गजऱ्यावर ठोकत एकेक घर सुरात आणायचं. हे करताना ते कुठलं मशीन, मोबाईल ॲप काही घेत नाहीत, समोर एक जुनी पेटी आहे तिची काळी एक दाबून धरतात डाव्या हातानं. मी न राहवून म्हटलं पेटीवर आकाशवाणीनं बंदी घातली होती बरं का. काका म्हणाले हां, म्हणून तर आता इथे आहे. त्यांना जोक कळला की नाही माहीत नाही.

घ्यायला गेलो तेव्हा वहिनी आणि पोरगी दोघी आल्या होत्या. काकांनी तबला चुंबळीवर ठेवून पोरीला बसवलं, 'ना' वाजव म्हणाले, मग तबला थोडा फिरवला, आता वाजव, परत फिरवला. असं सगळीकडून झाल्यावर विचारलं कुठे बरं वाटलं. तिनं दाखवलेली जागा लाल ठिपक्यापासून चांगली लांब होती. काकांनी खडूनं गट्ट्यावर खूण केली, म्हणाले पक्की खूण महिनाभरानं कर, पुडी अजून बसायचीय. वहिनी पर्स उघडून बघायला लागल्या, नेलपॉलिश असतं का पर्समध्ये, होतं. पण काका म्हणाले महिनाभरानं.

डग्ग्याचं काम मला तबल्यापेक्षा डावं वाटलं, हे पण लिहायला पाहिजे. पितळेचा डग्गा, आत पोचा होता तो तसाच राहिला, आणि घुमारा मास्तरच्या वेळचा नाही. नवीन पुडी आहे, वाजून वाजून मऊ होईल असं काका म्हणतात, असेलही, पण दाबून मींड, म्हणजे घसरता सूर, काढायला अजून जोर लागतो आणि सहावीतल्या मनगटाला ते जड जातं. विचारलं तर म्हणाले दोन महिन्यांनी आणा, फुकट सैल करून देतो. बघू.

आता एक स्टार का कापला. वेळ. मला शनिवारी या सांगितलं होतं. कुठल्या शनिवारी ते सांगितलं नव्हतं हे नंतर लक्षात आलं. त्यात मी नेला श्रावण संपता संपता, म्हणजे अख्ख्या नाशिकचे ढोल दुरुस्तीला येतात तो सीझन, पथकांची पोरं टेम्पो भरून ढोल आणतात, पान फाटलं, दोरी सैल झाली, आजच पाहिजे, आणि काका त्यांना नाही म्हणत नाहीत कारण वर्षाचा धंदा तेवढ्या दिवसांत होतो. माझा तबला खिळ्याशेजारी तसाच पडलेला मी जाऊन जाऊन बघत होतो. फोन उचलत नाहीत, उचलला तर मागे ढोल चालू असतो, ऐकूच येत नाही. शेवटी अनंत चतुर्दशी उलटल्यावर हात लागला. त्यामुळे तबल्याचं काम असेल तर गणपतीच्या आधी महिनाभर जाऊच नका, पितृपक्षात जा, निवांत असतात आणि गप्पाही मारतात. आम्हाला तबला पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर वगैरे वाजवायचा नव्हता म्हणून चाललं, ज्यांचा कार्यक्रम ठरलाय त्यांनी तारीख लिहून घ्या काकांकडून.

पैसे मला जास्त वाटले नाहीत. तबल्याची पुडी बाराशे, डग्ग्याची पंधराशे, वादी आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत सगळं. त्या एसी दुकानातला नवीन सेट याच्या कितीतरी पट होता आणि त्यातलं लाकूड मी उचलून बघितलं होतं, हलकं फुल्ल. पावती मिळत नाही, मागितलीत तर वहीचा कागद फाडून देतात त्यावर आकडा आणि सही.

जुन्या पुड्या मागून घ्या, नाहीतर त्या ढिगात जातात. आम्ही तबल्याची घेतली, वहिनींकडे आहे. डग्ग्याची राहिली तिथेच.

आणि घरी आणल्यावर प्लास्टिकमध्ये ठेवू नका. सुती कव्हर, वर कापडी गादी, पावसाळ्यात कपाटात बंद करायचा नाही, अधूनमधून काढून वाजवायचा, नाहीच तर नुसता हवेवर ठेवायचा. खिडकीच्या उन्हात पण नको. शाईला पाण्याचा हात लावायचा नाही, पोरांना हे आधी सांगा.

पेटीचं काम मी अजून दिलेलं नाही. माझ्या पेटीचे दोन सूर उतरलेत, काका म्हणतात पितळी जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटं म्हणजे काकांच्या हिशोबानं किती ते आता मला कळलंय, दिवाळी झाल्यावर नेईन. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, सोमवारी उघडेलच असं नाही. यूपीआय आहे पण आत रेंज येत नाही, कॅश जवळ ठेवा.